पत्र्याला दोन गाठी

सहादू मिस्त्रीच्या टोळीत पत्र्याची बडदास्त जावयासारखी असायची. पत्रा वर चढवायचा म्हणजे आधी त्याच्या पोटाखालून दोराचा फेरा घ्यायचा, वर एक गाठ मारायची, तिच्यावर दुसरी मारायची, मग गाठीला हिसका देऊन बघायचा आणि मगच खालच्यानं हाळी द्यायची, "बांधला." वरून "येऊ दे" असं उत्तर आल्याशिवाय कप्पीवरचा दोर ओढायचा नाही. हा नेम खुद्द सहादूनं घालून दिलेला होता. तो कुणी मोडला तर म्हातारा दिवसभर तोंड फुगवून बसायचा. कारणही उघड होतं. पत्रा खाली आला की फुटतो किंवा वाकतो, आणि मग मालक शेडभर नाचतो.

माणूस खाली आला तर मालक नाचत नाही. तो फोन बंद करतो. म्हणूनच की काय, या टोळीत माणसाला कधी कुणी दोर लावला नव्हता.

पत्रे बांधायचं काम आशाकडे होतं. आशा सहादूची सून, राजूची बायको. वर सहादू आणि राजू, खाली आशा, अशी ही घरचीच टोळी होती. गेल्या उन्हाळ्यापर्यंत वर अजून एक जण असायचा, सहादूला मोठे बाबा म्हणणारा त्याचा पुतण्या सोमा. जास्तीचे हात लागले तर नाक्यावरून दिवसापुरता कुणी तरी आणायचे. उरलेलं सगळं यांच्याच अंगावर.

यांचं गाव हरसूलच्या पलीकडचा डोंगरातला एक पाडा. तिथं पाऊसकाळाच्या आधी घरोघरची माणसं छपरावर चढतात, फुटकी कौलं काढतात, नवी बसवतात. वळचण कमरेइतकी, आढंही हात वर केला की लागेल एवढंच. पोरं त्यावर माकडांसारखी धावतात. पडलं एखादं तर खाली पेंढा नाही तर उकिरडा, आणि वर आख्ख्या पाड्याचं हसणं. पडणं ही गंमत असते असं त्या पोरांच्या अंगात लहानपणीच मुरून जातं. मग तीच पोरं मोठी होऊन नाशकात येतात आणि सातपूर-अंबडच्या शेडांवर चढतात. पाय तेच असतात, जमीन तेवढी फार खाली गेलेली असते. ही गोष्ट पायांना कुणी सांगत नाही.

सोमाच्या पायांनाही कुणी सांगितली नव्हती. सिमेंटच्या पत्र्यांमध्ये उजेडासाठी मधे मधे फायबरचा पत्रा टाकतात. नवा असतो तेव्हा तो काचेसारखा दिसतो. वर्षानुवर्षं धूळ आणि शेवाळ बसलं की शेजारच्या पत्र्यासारखाच काळा होतो, आणि उन्हानं पापडासारखा कडक झालेला असतो. गेल्या उन्हाळ्यात सोमानं अशाच एका पत्र्यावर पाय टाकला आणि आरपार खाली गेला. आशा तेव्हा बाहेर कप्पीखाली होती. तिनं फक्त आवाज ऐकला, काडकन मोडल्याचा, आणि त्यानंतर दुसरा एक, तो तिला कुणाला सांगता येत नव्हता. त्या क्षणी तिच्या हातात एक पत्रा होता. दुसरी गाठ नुकतीच मारून झाली होती. सोमाला गाडीत घालून नेलं तरी तो पत्रा तिथंच भिंतीला टेकून उभा होता, धडधाकट, दोन गाठी मारलेला.

तेव्हापासून आशाच्या डोक्यात हेच एक घर करून बसलं होतं. पत्र्याला दोन गाठी, आणि सोमाला एकही नाही. तिला त्याची चीड यायची, भाकरी थापताना यायची, पाणी भरताना यायची, आणि ती कमी होत नव्हती.

सोमा वाचला. कंबर आणि एक पाय कामातून गेला. आता दोन काठ्यांवर अंगणापर्यंत येतो, बाजेवर बसतो. सहादूनं या सगळ्यावर एकच वाक्य काढलं होतं, "पाय चुकला पोराचा." त्यानंतर तो विषय त्यानं घरात काढू दिला नाही. पाड्यावर गेला तर भागीबाईच्या, म्हणजे सोमाच्या आईच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या बांधावरून वळसा घालून घरी यायचा. सोमाशी तो त्या दिवसापासून बोललेला नव्हता. लोक म्हणायचे म्हातारा दगड आहे. आशाला तसं वाटत नव्हतं. तिला वाटायचं म्हातारा घाबरलाय, आणि घाबरलेला माणूस जास्त हट्टी असतो.

यंदा मे महिन्यात त्यांना दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसचं काम मिळालं. हंगाम संपून शेड रिकामी झाली होती. जुने सिमेंटचे पत्रे काढून निळे लोखंडी पत्रे टाकायचे, पाऊस यायच्या आत. ठेकेदार किशोर, तिशीतला, मोटारसायकलवरून हेल्मेट घालूनच फिरणारा, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्यानं एका गोणीतून पिवळे सेफ्टी बेल्ट काढले.

"मालकाला फोटो पाठवायचाय," तो म्हणाला. "दोघं घाला आणि शिडीपाशी उभे राहा."

राजूनं बेल्ट घातला. बेल्टला एक दोर होता आणि दोराच्या टोकाला मोठा हूक. तो हूक कुठं लावायचा हे राजूला कळेना, तेव्हा किशोरनं तो राजूच्याच छातीवरच्या कडीत अडकवला. फोटो झाला. सहादूनं बेल्ट घातलाच नाही, नुसता खांद्यावर टाकला, तोही फोटो झाला. मग बेल्ट परत गोणीत गेले.

आशा पत्र्यांच्या थप्पीपाशी उभी राहून बघत होती. "भाऊ, त्यो हूक कशाला लावायचा असतो?" तिनं विचारलं.

"वरती लाईन टाकलेली असली तर तिला."

"मग लाईन टाका की."

"वहिनी, लाईन टाकण्यात अर्धा दिवस जातो," किशोर हसला. "आणि मिस्त्री काय आजचे आहेत का?"

सहादू तोवर शिडी चढून वर पोचलाही होता. राजू त्याच्या मागोमाग. हूक स्वतःलाच अडकवलेला नवरा, असा तो फोटो आशाच्या डोळ्यांपुढून हलेना. स्वतःला स्वतःच धरून ठेवलेला माणूस किती वेळ धरला जाणार? दिवसभर ती पत्रे बांधत राहिली आणि दर हाळीला वर बघत राहिली. राजू जुन्या पत्र्यांवरून चालत होता, पाय बोल्टांच्या रांगेवर टाकत होता, कारण बोल्टाखाली पत्रा पेलणारा पाईप असतो. सोमालाही बोल्टांची रांग माहीत होती.

संध्याकाळी खोलीवर तिनं नागलीची भाकर आणि खुरसणीची चटणी राजूपुढं ठेवली. सहादू ओट्यावर हातपाय धूत होता.

"ह्यापुढं हूक लावून चढायचं," ती म्हणाली.

राजूनं ओट्याकडं बघितलं. "बाला कोण सांगंल?"

"तू सांग."

"मी नाय सांगत. ते म्हणत्यात, दोर बांधायचा तो बैलाला."

"मग मी सांगते."

राजू वाईट माणूस नव्हता. बापापुढं त्याची जीभ उचलत नव्हती, एवढंच. "त्यांनी ऐकलं नाय तर काय करशील?" त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याचा घास हातातच राहिला होता.

आशाला तोवर उत्तर सापडलेलं नव्हतं. ते तिला दुसऱ्या दिवशी हरसूलच्या बाजारात, पाड्याकडची वाट समोर दिसली तेव्हा सापडलं. बाजाराचा दिवस म्हणून काम बंद होतं. ती मीठ-मिरची घ्यायला गेली आणि पिशवी तशीच घेऊन पाड्यावर भागीबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली. सोमा बाजेवर बसून शेळीच्या पिलाला पाला चारत होता. गड्याचे दंड अजून तसेच होते. आवाजही तसाच होता. टोळीत असताना "येऊ दे" ही हाळी तोच द्यायचा, आणि ती शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायची.

"सोमा, कामावर चल," आशा म्हणाली.

भागीबाई घरातून बाहेर आली. "काय बोलू राहिली तू? त्याच्यानं उभं ऱ्हावत नाय."

"उभं कशाला ऱ्हायचं काकू. खुर्चीत बसायचं आन् वर बघायचं. कोण बांधल्याबिगर हाय ते ओरडून सांगायचं."

सोमा पिलाच्या पाठीवरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, "मोठे बाबा मला बघायचे नाय वहिनी. वर्षभर बघत नायत."

"म्हणूनच चल."

भागीबाईच्या पोराचा एक वेळ घात झालेला, आणि त्याला पुन्हा त्याच जागी पाठवायचं. पण पोरगा वर्षभर अंगणाच्या पलीकडं गेला नव्हता हेही ती रोज बघत होती. तिनं आत जाऊन त्याचा धुतलेला सदरा आणून बाजेवर ठेवला. आशा रात्री तिथंच राहिली, आणि पहाटेच्या एसटीत कंडक्टरनं आणि आशानं मिळून सोमाला चढवलं.

सकाळी शेडपाशी सोमाला खुर्चीत बसलेला बघून सहादू जागच्या जागी थबकला. मग जणू खुर्ची रिकामीच आहे असा तिच्या बाजूनं गेला आणि शिडी चढला. राजू सोमाच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलला, आणि तोही चढला. वरून सहादूची हाक आली, "पत्रा लाव."

आशानं दोर उचलला नाही. ती पत्र्यांच्या थप्पीवर जाऊन बसली.

"पत्रा लाव ना," सहादू पुन्हा म्हणाला.

"आधी माणसं बांधा, बाबा," आशा म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "मग पत्रा बांधते."

सहादू कडेला आला आणि खाली बघू लागला. सासऱ्याला वर मान करून, चार माणसांत, असं कधी ती बोलली नव्हती. पण ती उठली नाही.

"राजा," सहादू मुलाला म्हणाला, "सांग तिला काय ते."

राजूनं खाली बायकोकडं बघितलं, मग सोमाच्या खुर्चीकडं. "मी काय सांगू," तो म्हणाला आणि पाईपावर बसून राहिला. त्याच्या आयुष्यातलं बापाला दिलेलं ते पहिलं उलट उत्तर होतं. इतकं मऊ, की सहादूला कळायलाच वेळ लागला.

सहादू तरातरा खाली उतरला. "बाईमाणसानं छपराच्या कामात बोलायचं नाय. दोरानं काय होतं ठावं हाय का तुला? दोर पायात येतो. दोरच पाडतो माणसाला."

ही त्याची सबब नव्हती, खरं मत होतं, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. लोंबता दोर पायात येतोच. पण आशानं त्यावर रात्री विचार केला होता. "पायात येतो कारन त्याला लावायला जागा नाय," ती म्हणाली. "वर आढ्याच्या अंगानं वायर ताणा. दोर वर राहील, पायात कशाला येईल? आन् पत्र्यांवर फळ्या टाका. पाय फळीवरच."

एवढ्यात किशोरची मोटारसायकल आली. काम थांबलेलं बघून त्याचा गोडवा पातळ झाला. "वहिनी, असं नका करू. अर्धा दिवस जाईल. पाऊस तोंडावर आहे."

"तुमचा अर्धा दिवस जातो भाऊ," आशा म्हणाली. "ह्याचं वरीस गेलं. अजून जाऊच राहिलं."

किशोरनं खुर्चीकडं बघितलं. त्याला सोमा कोण हे माहीत नव्हतं, ते त्याला तिथं कळलं. सोमा काठ्या मांडीवर आडव्या घेऊन नुसता बसला होता. किशोरनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. "नाक्यावरून दुसरी बाई आणता येईल मला," तो म्हणाला, पण म्हणताना त्यात जोर नव्हता.

"आणा. तिलाबी मी हेच सांगंन. हितंच बसून सांगंन."

माणूस कधी कुठल्या शब्दानं वळतो सांगता येत नाही. किशोरला बहुधा मोटारसायकलवरचं स्वतःचं हेल्मेट आठवलं असावं, किंवा खुर्चीतल्या काठ्या. तो गेला आणि दुपारच्या आत वायरचा जाड दोर, आवळायचे नट आणि टेम्पोभर फळ्या घेऊन आला. त्याला हे सगळं कसं करायचं ते व्यवस्थित ठाऊक होतं. दुसऱ्या कामांवर तो ते करतही होता, जिथं मालक स्वतः येऊन बघायचा. आशाला त्याचा राग आला तो इथं, लाईन नव्हती तेव्हा आला त्यापेक्षा जास्त. त्यानं शिडीवाटे कडेच्या, छप्पर तोलणाऱ्या लोखंडी कैचीवर पोचून एक टोक बांधलं, राजूनं दुसरं, आणि आढ्याच्या अंगानं वायर ताणली गेली. बेल्टांना एका दोराच्या जागी दोन दोर, दोन हूक लावले. एक हूक काढून पुढं लावेपर्यंत दुसरा धरलेला असायचा. गोणीतले बेल्ट पहिल्यांदाच फोटोशिवाय बाहेर आले.

"आता ऐका," आशा म्हणाली. "पत्र्याचं जे हाय तेच माणसाचं. सोमा विचारंल, बांधला का. वरचा म्हणंल, बांधला. मग पत्रा येईल."

राजूनं पहिल्याच हाकेला उत्तर दिलं. सहादूनं दिलं नाही. हूक लावला, वायरला खण्णकन आवाज झाला, पण तोंड उघडलं नाही.

"मोठे बाबा, बांधला का?" सोमानं पुन्हा विचारलं.

सहादूनं पाठ फिरवली. हूक दिसत होता म्हणून आशानं पत्रा वर सोडला. उत्तर मात्र मिळालं नव्हतं.

पुढचे दिवस असेच गेले. सहादूला हे बंधन अंगाला काट्यासारखं बोचत होतं. चहाच्या वेळी तो किशोरला म्हणायचा, "आता आमची सून मिस्त्री आन् आम्ही पाळलेली माकडं." आशा ऐकून घ्यायची. वाईट तिला वाटायचं, पण त्याहून मोठी भीती तिच्याजवळ होती, म्हणून हे वाईट वाटणं ती बाजूला ठेवू शकत होती. शेडच्या पलीकडच्या टोकाला गेलं की म्हातारा हळूच हूक सोडायचा. मग सोमाची हाळी यायची, "मोठे बाबा, हूक," आणि आशाचा हात दोरावर थांबायचा. पत्रा जमिनीवर, म्हातारा वर ताटकळत, शेवटी खण्ण. मग पत्रा निघायचा. सोमाच्या आवाजाला धार येत चालली होती. सकाळी काठ्यांवर खुर्चीपर्यंत तो आता आपला आपण यायचा. पण सहादू त्याच्याकडं वळून बघत नव्हता ते नव्हताच.

शेडचा शेवटचा पट्टा उरला तेव्हाची गोष्ट. ऊन वर आलं होतं, पत्रे हात लावू देत नव्हते. सहादूची पहार फळीपासून हातभर दूर राहिली होती. माणूस हातभरासाठी फळी हलवत नाही. आयुष्यभर बोल्टांची रांग ओळखलेला माणूस तर नाहीच. त्यानं फळीवरून एक पाय उचलून बोल्टांच्या रांगेवर टाकला. रांग बरोबर होती. टाच तेवढी दोन बोटं अलीकडं पडली, एका काळ्या पत्र्यावर.

काडकन आवाज आला.

आशा कप्पीखाली पत्र्याला दुसरी गाठ मारत होती. तोच आवाज, तोच उन्हाळा, तसाच पत्रा हातात. ती दुसऱ्या आवाजाची वाट बघत उभी राहिली, जो तिला कुणाला सांगता येत नव्हता. तो आला नाही. फायबरचे तुकडे आत फरशीवर पडल्याचा आवाज आला, मग एक धप्प झालं, अगदी हलकं. तिनं वर बघितलं. आढ्याच्या अंगानं गेलेली वायर मधे खाली खेचली गेली होती आणि थरथरत होती. कुणीतरी तिला लटकलेलं होतं. म्हणजे कुणीतरी तिथं होतं.

"धरलाय," राजू ओरडला. "बाला धरलाय."

सहादू काखेपर्यंत भगदाडात होता. कंबर, पाय सगळं खाली शेडच्या पोकळीत लोंबत होतं. वायरनं आणि पट्ट्यानं त्याला जेवढा धरायचा तेवढा धरला होता. राजूनं आपला दुसरा हूक पुढं लावला, फळीवर पालथा झाला आणि बापाच्या बेल्टाला धरून त्याला वर घेतलं. घाई केली नाही. सोमा खुर्चीतून ओरडून सांगत होता, "आधी तुझा हूक बघ राजा, मग ओढ." राजूनं बघितला, मग ओढलं.

सहादू फळीवर येऊन बसला. मांडीवर ओरखडा होता, बाकी काही नव्हतं. तो बराच वेळ भगदाडाकडं बघत होता. त्यातून खाली शेडची फरशी दिसत होती, द्राक्षं निवडायची लांबलचक टेबलं, आणि एका टेबलाच्या कडेला पडलेला त्याचा एक बूट. धप्प झालेलं ते तेच. एवढ्या खोल तो गेल्या वर्षी एकदाच बघू शकला होता, आणि तेव्हा खाली बूट नव्हता.

"बूट पडलाय माझा," तो शेवटी म्हणाला.

आशा आत जाऊन बूट घेऊन आली. तिनं बुटाला दोराचा फेरा घातला, एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली आणि हिसका देऊन बघितला. "बांधला," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. राजूनं वरून "येऊ दे" म्हटलं. बूट कप्पीवरून वर गेला.

त्या दिवशी काम तिथंच थांबवलं. किशोरनं सहादूचा बेल्ट हातात घेतला, त्याच्या शिवणी उसवलेल्या दाखवल्या आणि पट्टे कात्रीनं कापून टाकले. एकदा झटका खाल्लेला बेल्ट परत घालायचा नसतो, असं तो म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. मालकाला त्यानं बेल्टाचा फोटो पाठवला नाही, भगदाडाचा पाठवला. संध्याकाळी खोलीवर सहादू जेवला नाही. राजूनं विचारलं तर म्हणाला, "उद्या जेवीन." त्याच्या तोंडून पाय चुकला हे वाक्य आलं नाही.

सकाळी किशोरनं नवा बेल्ट आणला. या बेल्टाची बकलं निराळी होती. मांडीचे पट्टे कुठून घ्यायचे, छातीचा कुठं अडकवायचा, सहादूला कळेना. राजू आधीच वर गेला होता. आशा शिडीपाशी होती, ती मदतीला पुढं झाली. सहादूनं हातानं तिला थांबवलं. बेल्ट अर्धा अंगात, अर्धा लोंबता, तसा तो शिडी सोडून चालत खुर्चीपाशी गेला. सोमाच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. वर्षभर ज्या तोंडाकडं बघितलं नव्हतं तिथं बघितलं.

"सोमा," तो म्हणाला, "जरा बघ रे. नीट लागलंय का."

सोमानं काठ्या जमिनीवर ठेवल्या. बसल्या बसल्याच त्यानं म्हाताऱ्याच्या मांडीचे पट्टे ओढून घेतले, बकलं लावली. छातीचा पट्टा लावायला सहादू वाकला, पोरासारखा वाकून उभा राहिला. सोमानं तो लावला, दोन्ही दोर तपासले, हूक उघडून मिटून बघितले. मग पट्टा मुठीत धरून एक हिसका दिला, पत्र्याच्या गाठीला द्यायचे तसा. म्हातारा जागचा हलला, पट्टा हलला नाही.

"बांधला," सोमानं वर हाळी दिली. आवाज शेडच्या त्या टोकापर्यंत गेला.

वर राजू वायरला हूक लावून उभा होता. "येऊ दे," तो म्हणाला.

आशानं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि सहादू चढू लागला.